गोगलगायीचा माईक चालूच राहिला

"चेहरा बघायची मला गरजच नाही! नुसता आवाज ऐकवा, माणूस आतून-बाहेरून सांगतो. चेहरा फसवेल, आवाज फसवणार नाही!"

हे वाक्य सेनापती आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे आणि म्हणताना टेबलावर मूठ आपटायचे. सेनापती कुठल्या फौजेचे, असं विचाराल तर आधीच सांगून टाकतो: फौजेशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता. नोकरीने ते ग्रंथपाल. वाचनालयाच्या तळमजल्यावर एका काचेच्या खोलीत बसायचे आणि दिवसभर ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" करायचे. दिवसभरात तोंडातून निघणारा हा एकच उद्गार! असा कोंडलेला माणूस घरी आल्यावर काय करणार? बूट काढायच्या आधी कानांवर हेडफोन चढवायचा, संगणकासमोर बसायचा आणि कुकरची शिट्टी उडावी तसा फुटायचा, "उत्तर बुरुज सांभाळा! तोफेपाशी कोण आहे? झोपलात का सगळे?"

खेळाचं नाव 'गडकोट'. चौघांनी मिळून एक किल्ला राखायचा, दुसऱ्या चौघांनी तो ठरल्या वेळात घ्यायचा, एवढीच गोष्ट. पण हा खेळ खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मोठा कट्टा होता आणि सेनापतींचा खरा संसार तिथेच चालायचा. खंदक आधी खणावा की तट आधी उंच करावा, यावर तिथे लोक दोन-दोन दिवस भांडत. भांडता भांडता कुणाच्या मुलाचा ताप निघे, कुणाची बदली निघे, कुणाचं जमत आलेलं लग्न मोडे, आणि मग सगळे मिळून त्याची समजूत घालत. एकमेकांची खरी नावं मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. टोपणनावांवर सगळं बेतलेलं!

सेनापतींच्या संघात त्यांच्याशिवाय तिघं होती. एक आप्पा. संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, तोफेचा गोळा सुटला तरी तो कुठल्या सुरात सुटला ते सांगणारे. दुसरी तडतडी. लांबच्या शहरात कायद्याचं शिकणारी मुलगी, फोडणीतल्या मोहरीसारखी एकदा उडायला लागली की झाकण ठेवल्याशिवाय न थांबणारी. आणि तिसरी गोगलगाय.

गोगलगायीचा आवाज इतका मऊ, की त्यापुढे कापूस टोचावा! शत्रूवर तलवार उगारताना ही बाई आधी म्हणायची, "माफ करा हं दादा, लागेल थोडंसं." आणि मग मान उडवायची. कामधंदा काय, असं एकदा तडतडीने विचारलं, तर म्हणाली, "छोटंसंच आहे माझं. माणसं रडत येतात, मी समजूत घालते, मग हसत जातात."

बस्स! सेनापतींनी तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. "पाळणाघर चालवते. लिहून घ्या! स्वभावाने भित्री. कुणी डोळे वटारले तरी डोळ्यांत पाणी. हिला आपण जपलं पाहिजे."

आणि त्या दिवसापासून ते गोगलगायीला फार जपायला लागले. शत्रू तिच्या बाजूने आला की स्वतः आडवे पडायचे. आप्पा म्हणायचेसुद्धा, "अहो, तिने आज नऊ मुंडकी उडवली आणि तुम्ही एक. जपायचं कुणी कुणाला?" पण सेनापतींना आकडे पटत नसत, आवाज पटत असे.

तर तो दिवस सुट्टीचा होता. दुपारची वेळ. कट्ट्याच्या वार्षिक स्पर्धेची उपांत्य फेरी आणि समोर 'काळे कोल्हे'! या कोल्ह्यांना आजवर कुणी हरवलं नव्हतं. सेनापतींनी आठवडाभर वाचनालयातल्या किल्ल्यांवरच्या पुस्तकांवर "बाहेर देणे नाही" अशा चिठ्ठ्या लावून ती स्वतःच वाचली होती. त्यांची बायको आतल्या खोलीत आडवी पडली होती. ती शहरबस चालवायची. आठवडाभर भोंगा वाजवून आणि ऐकून ती इतकी दमायची की सुट्टीच्या दिवशी तिला घरात पाल चुकचुकलेलीही चालत नसे. पण सेनापतींपुढे पाल काय करणार!

"सगळे जागेवर?" सेनापती गरजले.

"जागेवर," आप्पा म्हणाले.

"जागेवर जागेवर जागेवर, आणि कोल्हे खंदकाजवळ आलेत, आणि त्यांच्याकडे शिड्या आहेत," तडतडी.

"मी पण आहे हं," गोगलगाय पुटपुटली. "अगंबाई, पण दार वाजतंय कुणीतरी. आज तर सुट्टी आहे! एक मिनिट हं, मी आवाज बंद करते. सॉरी हं सगळ्यांना."

आणि इथेच घोटाळा झाला. गोगलगायीच्या हेडफोनला दोन बटणं होती. एकाने तिला यांचं ऐकू येणं बंद व्हायचं, दुसऱ्याने यांना तिचं. घाईत तिने नको ते दाबलं, हेडफोन गळ्यात लटकवला आणि ती दाराकडे गेली. आता इकडून कितीही बोंबला, तिला काही ऐकू जाणार नव्हतं. तिकडचं मात्र सुई पडली तरी इकडे ऐकू येत होतं!

आधी दार उघडल्याचा आवाज आला. मग एका पुरुषाचा. शब्द नाहीत, नुसता हंबरडा. "अंऽऽऽ! आंऽऽऽ!"

"हा कोण?" तडतडी म्हणाली.

"कोणीतरी घुसलाय!" सेनापती खुर्चीत ताठ झाले. "बिचारी एकटी आहे! गोगलगाय! घाबरू नकोस! आम्ही आहोत!"

पण पुढचा आवाज आला तो गोगलगायीचा. आणि काय तो आवाज! मऊपणाचा मागमूस नाही. हेडमास्तरांनी छडी आपटावी तसा.

"बस तिथे. बस म्हणते ना! तोंड वर कर. किती दिवस लपवून ठेवलंस हे?"

"दोऽ... दोन महिने," पुरुष रडत म्हणाला.

"दोन महिने! आणि मला आज सांगतोस? आता मी काय करते बघ. हात खाली. हात खाली घे, नाहीतर बांधून ठेवीन!"

सेनापतींच्या हातातला माऊस निसटला. खेळात त्यांचा वीर तटावरून सरळ किल्ल्याच्या आतल्या चौकात पडला.

"हा... हा पाळणाघरातला मुलगा दिसतोय," ते अडखळत म्हणाले. "जरा थोराड आहे इतकंच."

तेवढ्यात तिकडे आणखी एका बाईचा आवाज आला. "ताई, लहान पक्कड देऊ की मोठी?"

"मोठी दे. हा सहजासहजी सुटणाऱ्यातला नाही."

"पक्कड!" तडतडी किंचाळली. "पक्कड म्हणाली! मोठी पक्कड म्हणाली!"

"हळू ओरड रे," तिकडे गोगलगाय त्या माणसाला सांगत होती, "आणि ओरडून उपयोग काय? आज सुट्टी आहे. अख्ख्या इमारतीत चिटपाखरू नाही. कोण येणारे ऐकायला?"

मग 'घर्रर्रर्र' असं कसलंसं यंत्र फिरलं. यंत्राच्या वर त्या माणसाचा आवाज चढला.

"पंचम," आप्पा नकळत म्हणाले. "नाही, धैवत. अरे देवा, हा तर तार सप्तकात गेला!"

"याच्या शेजारचाही कामातून गेलाय," गोगलगाय म्हणाली. "पण आज एकालाच काढू. शेजारच्याचा नंबर पुढच्या आठवड्यात. रक्त पूस गं जरा. याला तर मी मुळासकट उपटून टाकते."

"शेजाऱ्याला पण?" तडतडी ओरडली. "शेजाऱ्याने काय केलंय?"

"गोगलगाय आणि पोटात पाय!" आप्पा हताशपणे म्हणाले. "म्हणतात ते खोटं नाही."

सेनापती उठून उभे राहिले. आतापर्यंत ते तिला वाचवायला निघणार होते. आता तिच्यापासून दुसऱ्याला वाचवायचं होतं. मोहीम तीच, फक्त तोंड फिरवायचं! पण मनातून त्यांना फार लागलं होतं. या बाईसाठी ते किती वेळा आडवे पडले होते! त्यांनी फोन उचलला आणि पोलीस ठाण्याला लावला.

"बोला," पलीकडून एका जांभई देणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज आला. "तक्रार काय आहे?"

"साहेब, लवकर या! एका माणसाला मुळासकट उपटतायत!"

"माणसाला की झाडाला?"

"माणसाला! मोठ्या पक्कडीने!"

"कोण उपटतंय?"

"गोगलगाय!"

पलीकडची जांभई अर्ध्यावरच थांबली. मग अधिकारी अगदी प्रेमाने म्हणाला, "बरं. आणि आपण कोण बोलताय?"

"मी सेनापती!"

"हं. सेनापती, घरात कुणी मोठं माणूस आहे का? त्यांना फोन द्या बरं. आणि तुमच्या गोळ्या चालू असतील तर त्या वेळेवर घेत जा." आणि फोन ठेवला!

सेनापतींनी फोनकडे बघितलं, हेडफोनमधून येणारा आक्रोश ऐकला आणि ठरवलं: आता आपणच! पत्ता त्यांच्याजवळ होता. स्पर्धेसाठी संघाचे एकसारखे शर्ट शिवून त्यांनीच सगळ्यांना टोपणनावांवर कुरिअरने पाठवले होते. गोगलगायीचा पत्ता याच शहरातला होता, नदीपलीकडच्या भागातला, बेकरीच्या वर दुसरा मजला. आप्पा तर वाटेवरच राहायचे. राहिला प्रश्न गाडीचा. सेनापतींना गाडी चालवता येत नव्हती.

ते आतल्या खोलीत गेले. "अगं, ऊठ! आपल्याला एका माणसाचा जीव वाचवायला जायचंय!"

बायकोने एक डोळा उघडला. "खेळातल्या की खऱ्या?"

"खऱ्या! ती पाळणाघरवाली आहे ना, ती खुनी निघाली!"

"ती पाळणाघर चालवते, हे तिने सांगितलं होतं की तुम्ही?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला सेनापतींना वेळ नव्हता. ते छत्री शोधत होते. हत्यार म्हणून घरात तेवढंच लांब काही होतं. बायकोने सुस्कारा टाकला, किल्ल्या उचलल्या आणि चपला घातल्या. हा माणूस असाच बसने गेला तर चुकीच्या बसमध्ये बसेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

संगणक तसाच चालू राहिला. चारही वीर किल्ल्यात पुतळ्यासारखे उभे. किल्ल्याचं दार लावायचं राहिलेलं, सताड उघडं. तडतडी फोनवर जोडलेली होती आणि हेडफोनमधलं ऐकून बातम्या देत होती.

आप्पा त्यांच्या फाटकाशी उभेच होते. हातात चहाचा थर्मास. "चढाई किती वेळ चालेल सांगता येत नाही," ते गाडीत बसत म्हणाले.

सेनापतींच्या बायकोची एक अडचण होती. इतकी वर्षं बस चालवल्यामुळे तिचा पाय प्रत्येक थांब्यापाशी आपोआप ब्रेकवर जायचा. पहिल्या थांब्यावर गाडी थांबली.

"अगं थांबतेस काय!"

"सवय आहे! ओरडू नका!"

दुसऱ्या थांब्यावर थांबली, तर एक गृहस्थ मागचं दार उघडून आत बसलेच. "पुलापलीकडे सोडा," ते म्हणाले आणि त्यांनी सुटे पैसे पुढे केले. सेनापती काही बोलणार, इतक्यात फोनमधून तडतडी ओरडली, "पिशवी! ती दुसरी बाई विचारतेय, ताई हे कुठे टाकू? आणि गोगलगाय म्हणतेय, पिवळ्या पिशवीत टाक, उद्या गाडी येते ती घेऊन जाईल! नेहमीची गाडी! नेहमीची म्हणाली! म्हणजे हे रोजचं आहे!"

"तुकडे करून पिशवीत भरले वाटतं," आप्पा थर्मास छातीशी धरून म्हणाले.

ते गृहस्थ पुढच्या सिग्नलला न सांगता उतरले. पैसेही परत मागायचे विसरले.

पुलावर पोहोचेपर्यंत आणखी एक बातमी आली. तडतडी या वेळी कुजबुजत होती, म्हणजे प्रकरण गंभीर. "आता तो माणूस ओरडत नाहीये. एकदम शांत. आणि ती म्हणतेय, 'आज संध्याकाळी वाजवायचं विसर. आठवडाभर तोंड बंद. कळलं? तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे.'"

"जिवंत आहे!" सेनापती ओरडले. "धमकावतेय म्हणजे जिवंत आहे! अगं, जोरात घे!"

"पुढे शाळा आहे," बायको म्हणाली आणि तिने वेग कमीच केला.

शेवटी ती बेकरी आली. सुट्टीमुळे बंद. बाजूने एक अरुंद जिना वर गेला होता. सेनापती रोज संध्याकाळी "माझ्या मागे या!" म्हणून चढाई करायचे. आज जिन्याच्या तोंडाशी ते थोडे थबकले. आत अंधार होता आणि औषधासारखा कसलासा उग्र वास येत होता.

"आप्पा," ते म्हणाले, "तुम्ही वयाने मोठे. मान तुमचा. तुम्ही पुढे व्हा."

"छे छे. मी कलावंत माणूस. मी मागून साथ करतो."

शेवटी बायकोच पुढे झाली. दुसऱ्या मजल्यावर एक दार किंचित उघडं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता. सेनापती पुढे सरकले आणि वाकून फटीला डोळा लावला. आप्पांचा चष्मा गाडीतच राहिला होता. दाराच्या वर चांगली हातभर लांबीची पाटी होती, ती वाचली फक्त बायकोने.

"अहो," ती म्हणाली, "वर बघा जरा, ही पाटी काय..."

"शूऽऽ!" सेनापतींनी ओठांवर बोट ठेवलं.

आता नवऱ्याने वाचनालयात कुणालाही शूऽऽ करावं. पण सुट्टीच्या दिवशी झोपेतून उठवून, नदी ओलांडून इथवर आणणाऱ्या बायकोला करू नये! तिने पुन्हा एकदा पाटी वाचली, नवऱ्याकडे बघितलं, हाताची घडी घातली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बरं. जा आत," ती म्हणाली.

सेनापतींनी छत्री उपसली, छाती भरून श्वास घेतला आणि दार ढकलून आरोळी ठोकली, "हत्यारं खाली टाका! तुम्हाला चहूबाजूंनी घेरलंय!"

आणि ते आत धावले.

आत नुकतीच फरशी पुसली होती. चांगला साबण घालून. सेनापती चार पावलं धावले आणि मग पाय धावायचे थांबले तरी सेनापती पुढे जात राहिले! घसरत, छत्री फिरवत, वाटेत एक बादली आणि एक स्टूल पाडत ते खोलीच्या मधोमध असलेल्या मोठ्या खुर्चीवर जाऊन आदळले. खुर्चीच्या हाताच्या पोलादी दांडीने त्यांच्या तोंडाचं स्वागत केलं. 'टक्' असा आवाज झाला.

"कोमल गांधार," आप्पा दारातून म्हणाले.

खुर्चीत बसलेल्या माणसाने हे सगळं पाहून दोन्ही हात वर केले. त्याच्या तोंडात कापूस कोंबलेला होता. "घ्याऽळ घ्या! फोऽन घ्या! माऽऊ नका!" असं काहीसं तो म्हणाला. सुट्टीच्या दिवशी साफसफाईला आलेली मदतनीस बाई कोपऱ्यातून फडकं उगारून धावली. आणि मधे पांढरा कोट घातलेली, तोंडाला मास्क लावलेली एक ठेंगणीशी बाई उभी होती. तिच्या गळ्यात हेडफोन लटकत होता. हातात पक्कड होती. आणि पक्कडीत, खुर्चीतल्या माणसाला दाखवायला धरलेली, एक दाढ होती.

"अगंबाई!" ती म्हणाली. पुन्हा तोच मऊ आवाज! "हा आवाज... सेनापती? तुम्ही? माफ करा हं, फरशी ओली होती!"

सेनापतींनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर दातांची मोठाली चित्रं. काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे. टेबलावर ओळीने टूथब्रश. त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला, पण तोवर जिभेला दुसरीच एक गोष्ट कळली होती: पुढचा दात जागेवर नव्हता. निम्मा होता, निम्मा नव्हता.

"आई गंऽऽऽ!" सेनापती ओरडले.

"धरा त्यांना! खुर्चीत घ्या!" गोगलगायीचा आवाज क्षणात बदलला, हेडमास्तरांचा झाला. "तू ऊठ रे. यांना बसू दे. अर्धा तुटलाय, उरलेला हलतोय! दिवा इकडे घ्या!"

सेनापतींचा फोन घसरताना उडून कपाटाखाली गेला होता. तडतडीला आता फक्त गोगलगायीच्या गळ्यातल्या माईकमधून ऐकू येत होतं. तिने काय ऐकलं? सेनापतींची आरोळी. धडपड. सेनापतींची किंकाळी. आणि मग, "अर्धा तुटलाय, उरलेला हलतोय!" पोरीने दुसऱ्या फोनवरून सेनापतींच्या शहरातल्या पोलिसांना फोन लावला आणि गाडीतून ऐकलेला बेकरीचा पत्ता दिला. वकील होणारी मुलगी ती, दहा मिनिटं एका दमात बोलली. सेनापती अर्धे तुटलेत आणि उरलेले हलतायत, आप्पांचा आवाज बंद झालाय, शेजाऱ्याचा नंबर पुढच्या आठवड्यात आहे, आणि तुम्ही आला नाहीत तर मी अमुक कलमाखाली तुमच्यावर खटला भरीन!

इकडे दवाखान्यात खुलासे चालले होते. ज्याची दाढ काढली तो गोगलगायीचा धाकटा भाऊ होता. एका वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा. दाढ किडली तरी बहिणीच्या भीतीने दोन महिने लपवून ठेवली होती आणि आज कळ असह्य झाली तेव्हा आला होता. पिवळ्या पिशवीत रक्ताळलेला कापूस होता, दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी ती उचलायची. "बाहेरच्या पेशंटशी मी गोडच बोलते हो," गोगलगाय सेनापतींचं तोंड उघडून धरत म्हणाली. "पण सख्ख्या भावाशी कुणी गोड बोलतं का? आणि घरी सासऱ्यांचा टीव्ही इतका मोठ्याने असतो, म्हणून मी खेळायला इथे येते."

"पण दातांची डॉक्टर आहेस, हे आम्हाला सांगितलं का नाहीस?" आप्पांनी विचारलं.

"सांगितलं की लोक गप्पा मारायचं सोडून देतात आणि आ वासून उभे राहतात! बसच्या रांगेत, लिफ्टमध्ये, कुठेही! कट्ट्यावर तरी मला कुणी दात दाखवत नाही, म्हणून तर तिथे बरं वाटतं."

"खरंय, खरंय," आप्पा म्हणाले. मग थोडे पुढे सरकले. "पण आता विषय निघालाच आहे, तर ही मागची एक जरा..." आणि त्यांनी आ वासला.

गोगलगायीला हसू आवरेना. आप्पाही तोंड उघडंच ठेवून हसले. भावाला हसायची बंदी होती, तो उशी तोंडावर धरून हलत राहिला. सेनापती तेवढे छताकडे बघत होते. या बाईला जपायचं म्हणून आपण किती वेळा आडवे पडलो, आणि आज खरोखरच आडवे पडलो, हे त्यांच्या मनात आलं. गोगलगायीला ते कसं कळलं कोण जाणे! ती वाकली आणि हळूच म्हणाली, "कुणीतरी ओरडतंय असं ऐकून तुम्ही छत्री घेऊन धावत आलात. एवढं कोण येतं हो आजकाल?" सेनापतींचे डोळे भरून आले. अर्थात, त्याच वेळी तिने सुईही टोचली होती.

इतक्यात जिन्यावर बुटांचा धडधडाट झाला आणि अधिकारी शिपायासह आत घुसला. आत येता येता तोही थोडा घसरला, पण दाराची चौकट धरून सावरला.

"सेनापती कोण?" त्याने दरडावून विचारलं.

सगळ्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. सेनापतींनी तोंडात दोन नळ्या आणि कापसाचे बोळे असताना जमेल तेवढा नमस्कार केला.

"आणि गोगलगाय?"

"मी हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने खुर्चीकडे बघितलं, पक्कडीकडे बघितलं, भिंतीवरच्या जबड्यांकडे बघितलं. मग टोपी काढून कपाळ पुसलं. आप्पांनी थर्मासचं झाकण उघडून त्याला चहा दिला. सेनापतींच्या बायकोने पहिल्यापासून सगळं नीट सांगितलं, थांबा न चुकवता. तडतडी कपाटाखालच्या फोनमधून ओरडतच होती. शिपायाने तो काठीने बाहेर ओढला.

"ऐका ना! ऐका! आपण जिंकलो!" ती म्हणत होती.

"काय जिंकलो?" आप्पा म्हणाले.

"सामना! कोल्हे किल्ल्यापर्यंत आले, तर दार उघडं आणि आत चौघे नुसते उभे! त्यांना वाटलं, यात नक्की डाव आहे. सेनापतींनी काहीतरी भयंकर सापळा रचलाय. घाबरून बाहेरच बसून राहिले! वेळ संपली! कट्ट्यावर सगळे विचारतायत, ही युक्ती कुठल्या पुस्तकातली?"

खोलीत एकच जल्लोष झाला. अधिकाऱ्यानेही टाळी वाजवली, कशासाठी ते त्याला नीट कळलं नसलं तरी. सेनापतींची छाती खुर्चीत पडल्या पडल्याच वर आली. डोळ्यांत तेज आलं. नळ्या बाजूला सारून काही ऐतिहासिक बोलावं, असा त्यांचा बेत दिसला.

"हलू नका हं," गोगलगाय म्हणाली. "आदळलात जोरात, जबड्याला काही झालं नाही ना, ते बघते. फोटो काढते एक." तिने नळ्या काढून त्यांना यंत्रासमोर उभं केलं, यंत्र डोक्याभोवती फिरलं आणि पडद्यावर सेनापतींचा अख्खा जबडा उमटला. सगळे पडद्यापुढे जमले. अधिकारी, शिपाई, आप्पा, ट्रम्पेटवाला, मदतनीस बाई आणि हाताची घडी न सोडता बायको.

गोगलगायीने पडदा उजवीकडून बघितला, डावीकडून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"काही गंभीर आहे का?" आप्पांनी विचारलं.

"नाही, नाही. जबडा ठणठणीत आहे. पुढचा दात मी आजच बसवून देते. फक्त..." ती घुटमळली. आवाज अगदी कापूस झाला. "माफ करा हं सेनापती, राग मानू नका. असतं असं पुष्कळ लोकांचं, काळजीचं कारण नाही. पण तुम्हाला अक्कलदाढा नाहीतच. चारपैकी एकही नाही. उगवली तर नाहीच, आत बीसुद्धा दिसत नाही."

सेनापतींच्या तोंडात कापसाचे बोळे होते, त्यामुळे त्यांची बाजू मांडायला कुणीच नव्हतं.

बायकोने हाताची घडी सोडली आणि पडद्याकडे न बघताच पर्स खांद्याला अडकवली.

"यासाठी एवढं मशीन फिरवलंत होय डॉक्टर?" ती म्हणाली. "मला विचारायचं! मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच तोंडी सांगितलं असतं!"